मधला रकाना

थीवाची शाळा, दुसरा तास, अकरावीचा वर्ग.
फळ्यावर मी तीन रकाने आखते:
एकवचन, द्विवचन, अनेकवचन.
मधला लिहिताना खडू बहुतेक मोडतो.

पोलिक्सेनी विचारते, बाई, हे मधलं परीक्षेत येतं का?
नाही येत.
मग गेलं कुठे ते?

पुस्तकात उत्तर आहे. भाषा झिजते,
पायरी झिजावी तशी; ज्याच्यावाचून अडत नाही ते आधी जातं.
मी तेच सांगते. मार्क त्याचेच मिळतात.

माझ्याकडे दुसरं एक उत्तर आहे.
त्याला पुरावा नाही.

आता जिथे टायरचं दुकान आहे
आणि त्याच्या सावलीला पेन्शनर कॉफी घेऊन बसतात,
तिथे सात वेशींपैकी एक होती म्हणे.
आंधळ्या राजाचे दोन मुलगे.
आमच्या भाषेत 'भाऊ' फोडला तर आतून
'एकाच उदरातला' निघतो.
त्यांना हाकही एकच असावी.
दोन डोळे, दोन हात, जुवाखालचे दोन बैल
जसे एका शब्दात मावायचे
तसे ते दोघं मावायचे.
मध्ये 'आणि' लागत नसे.

मग ठरलं: एक वर्ष तू, एक वर्ष मी.
'किंवा' त्या दिवशी जन्मला, असं मी धरून चालते.
वर्ष सरलं. बसलेला उठला नाही.
म्हणाला, पण...

दुसरा सासऱ्याचं सैन्य घेऊन आला.
वेशीशी भाला भाल्याला भेटला.
द्विवचनातलं शेवटचं क्रियापद
त्यांच्यावर खर्च झालं: मेले.
त्यानंतर ते कोणाला परवडलं नाही.
एकाला माती दिली, एकाला नाकारली.
मला वाटतं, त्या न पुरलेल्याच्या अंगाखालीच
तो रकाना राहून गेला.

आमच्या घरात कोणी कोणाला मारलं नाही.
कापसाचं शेत, विहीर एक, पंप एक.
एक रात्र माझ्या बापाची, स्तेर्गिओसची,
एक रात्र अर्गिरिसकाकाची.
एका जुलैत काकाने पहाटेपर्यंत पंप बंदच केला नाही.
बस्स. एवढीच आमची भाऊबंदकी.
एकतीस वर्षं.

त्या वर्षांत बाबांच्या तोंडून काकाचं नाव गेलं,
मग 'भाऊ' गेला,
उरला 'पलीकडचा'.
पाणीपट्टीची पावती घेऊन मी जायची,
त्याला सांग, तो म्हणाला, सांग त्याला.
एवढ्या निरोपांत एकदाही
दुसरा पुरुष आला नाही. 'तू' कोणीच नव्हतं.
'आपण' म्हटलं की आई दाराकडे बघायची,
कोण कोण त्यात मोजायचे ते ठरवत.

बाबा गेले त्या दिवशी काका आला.
टोपी हातात, उंबऱ्याच्या बाहेरच.
कडेला ठेवलेली खुर्ची त्याने नाकारली.
आईला म्हणाला, "आम्ही दोघं..."
आणि थांबला.
पुढचं क्रियापद येईना.
कुठून येणार? दोन हजार वर्षांत कोणी घडवलेलं नाही,
आणि अनेकवचनात बाबांना बसवावं
तर बाबा आतल्या खोलीत,
हातांची घडी घातलेले, एकवचनी.

जरा वेळाने म्हणाला,
"पंपाचा वॉल्व्ह गळतोय. बघायला हवा."
आई म्हणाली, हो.

घंटा होते. पोलिक्सेनी वहीत
मधला रकाना सोडून बाकीचं उतरवते.
मी फळा पुसत नाही.
पुढचा तास भूमितीचा. ते सर दर आठवड्याला तक्रार करतात
की बाई अर्धा फळा अडवून ठेवतात.
ठेवते.